तुझा चेंडू, वहिनींचं ताट

दुबईच्या अल कुसैस, मुहैस्नाह आणि थेट शारजाच्या हद्दीपर्यंत राहणाऱ्या समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या बेसबॉल संघाचे ज्येष्ठ पिचर दिगंबरराव यांनी मैदान सोडले आहे. त्यांची जागा रिक्त असून ती भरण्यात येणार नाही. इच्छुकांनी अर्ज करू नयेत. बेसबॉल म्हणजे नक्की काय, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी दुखवटा संपेपर्यंत तो स्वतःजवळच ठेवावा.

हं. झालं जाहीर निवेदन. आता तू आणि मी.

दिगू, मराठी मंडळाच्या लोकांनी मला तुझ्यावर दोन शब्द लिहायला सांगितलं. जन्मगाव, शिक्षण, कोणत्या कंपनीत किती वर्षं, पश्चात कोण कोण. मी म्हटलं, हे सगळं त्याच्या एचआरकडे आहे, तिथून घ्या. मला तुझ्याबद्दल नाही, तुझ्याशी बोलायचंय. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मधूनच उठून गेलास. सकाळी ऑफिसला निघताना बुटाची लेस बांधायला खाली वाकलास, तो वर आलाच नाहीस. इतकी साधी एक्झिट. मी हौशी नाटकांत आयुष्य काढलेला माणूस, मला ती अजिबात पटलेली नाही.

आणि परवाच्या शनिवारी जे झालं ते तुला सांगायलाच हवं. पण शेवट आधी सांगून टाकणारा मी नव्हे. तेव्हा बस निवांत. घाई तुला आता कसलीच नाही.

आपली पहिली भेट आठवते? मी ती इतक्यांदा सांगितलीय की आता मला त्यातलं खरं किती आणि माझं किती हे कळत नाही, पण तू हजर होतास, चुकलं तर थांबव.

आमचा संघ म्हणजे 'कुसैस क्रोज', कुसैसचे कावळे. नाव माझं. लीगमधल्या बाकीच्यांचे गरुड, वाघ, बिबटे घेऊन झाले होते. मी म्हटलं, आपल्या बिल्डिंगच्या कचऱ्याच्या डब्यावर खरोखर जे बसतात त्यांचं नाव घेऊ. आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलेले. क्रिकेटचं मैदान मिळत नव्हतं आणि फिलिपिनो, जपानी, अमेरिकन लोकांच्या शनिवारच्या लीगमध्ये एक संघ कमी पडत होता, एवढ्याच भांडवलावर आमची बेसबॉलची कारकीर्द उभी राहिली. मी कॅप्टन आणि कॅचर. कॅचर अशासाठी, की तो बसलेला असतो असं मी टीव्हीवर पाहिलं होतं. प्रत्यक्षात तो उठाबशा काढत असतो.

चेंडू टाकायला दोघे. एक ईशान, इथेच जन्मलेला, कॉलेजात शिकणारा. त्याचा चेंडू सुसाट यायचा, फक्त कुठे येणार हे त्यालाही ठाऊक नसायचं. दुसरा मकरंद, अकाउंट्समधला, पस्तिशीचा. समोरच्याला लागेल या भीतीने तो चेंडू सोडताना डोळे मिटून घ्यायचा. बेसबॉलमध्ये पिचरने चार चेंडू बाहेर टाकले की समोरचा बॅट न फिरवता चालत पहिल्या बेसवर जातो. असे चौघे चालले की एक रन फुकट. आमच्या मॅचमध्ये समोरचा संघ निम्मा वेळ चालतच असायचा. दुबई मरीनाच्या संघातला तो धिप्पाड अमेरिकन एकदा माझ्या शेजारून जाताना म्हणाला, "लव्हली इव्हनिंग वॉक, कॅप्टन."

तू त्या दिवशी बाहेर तारेच्या कुंपणाला टेकून करक चहा पीत होतास. शेजारच्या गॅरेजमध्ये गाडीचं काही काम चाललं होतं तुझं. ईशान दमला म्हणून मी त्याला बाहेर बसवलं. म्हटलं, मधल्या ओव्हर मकरंद टाकेल, शेवटी परत तू ये. आणि शेवटच्या इनिंगला मी मोठ्या रुबाबात ईशानला हात केला. आपला अंपायर आर्नेल, फिलिपिनो, सभ्यपणाचा पुतळा. अगदी अवघडून म्हणाला, "सॉरी सर. ही इज आउट ऑफ द गेम."

"नो नो. ही वॉज ओन्ली रेस्टिंग."

"सर, देअर इज नो रेस्टिंग. यू टेक हिम आउट, ही इज खलास."

कुंपणापलीकडे कोणाच्या तरी तोंडातला चहा उडाला. "अबे भाऊ," पलीकडून आवाज आला, "क्रिकेट होय का हे? इथं ज्याला काढलं तो गेला."

तो आवाज तुझा. असा तू आमच्यात आलास. अमरावतीला विद्यापीठाच्या संघाचा पिचर होतास, खांदा निकामी झाला आणि मग कित्येक वर्षं तू काही म्हणजे काहीच फेकलं नाहीस. वहिनी सांगायच्या, टीव्हीचा रिमोटसुद्धा फेकून देत नाहीत, जागेवरून उठून हातात आणून देतात. सुरुवातीचे काही महिने तू नुसता कुंपणाच्या आत उभा राहायचास. "मी टाकत नाही," म्हणायचास. "मी फक्त सांगतो." तरी मी तुझं नाव खेळाडूंमध्ये घालून ठेवलंच. नाटकात पडद्यामागे एक माणूस पाठ करून तयार ठेवावा लागतो, ही माझी जुनी सवय.

मग तो दिवस. समोर मरीना. मकरंदने तिन्ही बेस भरून दिले होते आणि ईशानला मी नेहमीप्रमाणे आधीच खलास करून बसलो होतो. मी कमरेवर हात ठेवून मैदानभर चेहरे शोधत होतो. तू अर्ध्या दिवसाचं ऑफिस करून आलेला. इस्त्रीची पँट, चामड्याचे बूट, खिशाला पेन. तू खिशातलं पेन काढून आर्नेलच्या हातात दिलंस, बाही दुमडलीस आणि मातीच्या उंचवट्यावर जाऊन उभा राहिलास.

तुझा पहिला चेंडू इतका हळू आला की मला वाटलं, हा पोचेपर्यंत घरी एक फोन करून होईल. त्या धिप्पाड अमेरिकनालाही तसंच वाटलं असावं. त्याने बॅट फिरवली, ती पुरी फिरून खांद्यावर परत गेली, आणि मग चेंडू आला. तीनदा हुकला की माणूस बाद, आणि तीनदा त्याने बॅट फिरवली. तिन्ही वेळा तो चेंडूच्या आधी पोचला.

तिथून तू आमची ती मॅच बाहेर काढलीस. उंचवट्यावरून खाली आलास तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर लग्नातल्या नवरदेवासारखं काहीतरी होतं. "शेखऱ्या, खांदा दुखते बे," तू म्हणालास. "पण मजा आली."

घरी वहिनींनी एका हाताने तुझ्या खांद्याला तेल चोळत दुसऱ्या हाताने मला फोन लावला. "भावजी, पन्नाशी उलटलेल्या माणसाला तुम्ही काय म्हणून..." पुढचं छापण्याजोगं नाही.

लोकांना वाटतं, तू परत आलास आणि तू आम्हाला जिंकून दिलंस. मीही पार्ट्यांमध्ये तसंच सांगतो, ते ऐकायला बरं वाटतं. खरं वेगळंच होतं. तू मधल्या दोनच इनिंग टाकायचास, त्याहून जास्त खांदा ऐकत नव्हता. पण मध्ये तू आहेस एवढ्यानेच दोन्ही बाजूंना फरक पडला. आपल्यानंतर कोणी नाही या धास्तीने ईशान प्रत्येक चेंडू शेवटचा असल्यासारखा फेकायचा. आता मागे तू होतास, त्याने जोर कमी केला आणि त्याचा चेंडू सरळ यायला लागला. मकरंदला वाटायचं की आपण चुकलो तर सगळं गेलं. तू त्याला म्हणालास, "तू चुक ना बिनधास्त. मी आहो ना इथं." ते ऐकून त्याने एक डोळा उघडला. दुसरा उघडायला ताट लागलं.

ताटाचा किस्सा न सांगता तुझी आठवण काढणं म्हणजे पाप आहे.

तू एका संध्याकाळी घरातलं स्टीलचं ताट उचललंस आणि बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये, मागच्या भिंतीवर, पाइपला टांगलंस. चेंडू मधोमध लागला की ठण्ण. कडेला लागला की टिंग. नाहीच लागला तर कोणाच्या तरी गाडीचा अलार्म. पोरांना तू शब्दाने काही शिकवलंच नाहीस. ते कानाने शिकले. गंमत एवढीच की ते ताट वहिनींच्या रुखवतातलं निघालं. पोरांकडे केलेल्या मागच्या बाजूला मधोमध ठळक अक्षरांत कोरलेलं: चि. सौ. कां. सुनंदा हिस आत्याकडून सप्रेम भेट.

वहिनी खाली आल्या तेव्हा मी तिथेच होतो, पळायला जागा नव्हती.

"अहो, त्यावर माझं नाव आहे."

"म्हणूनच तर," तू म्हणालास. "पोरांना तुझ्या नावावर नेम धरायला शिकवून राहिलो."

"सगळा सेट सोडून हेच सापडलं?"

"बाकीच्यांचा आवाज चांगला नाही."

वहिनींनी डोक्याला हात लावला. मग तू वचन दिलंस. मकरंद तिथेच चेंडू चोळत उभा होता, त्याच्याकडे बोट करून म्हणालास, "ज्या दिवशी हा स्वतः मॅच संपवेल ना, शेवटच्या चेंडूपर्यंत, त्या दिवशी तुझं ताट परत."

वहिनींनी मकरंदकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे या जन्मी नाही," म्हणाल्या आणि लिफ्टने वर गेल्या. मकरंद बिचारा "सॉरी वहिनी" म्हणाला, तोवर दार बंद झालं होतं.

त्या सीझनला समोरचे चालायचे बंद झाले. धावायला लागले आणि धावता धावता बाद व्हायला लागले. मरीनाच्या अमेरिकनाने मला विचारलं, "व्हॉट हॅपन्ड टू माय इव्हनिंग वॉक?" मी म्हटलं, "पार्क क्लोज्ड, हबीबी." हे वाक्य मी आठवडाभर तयार ठेवलं होतं, हे तुला आज सांगतो.

आणि मग गेल्या वर्षीची फायनल. म्हणजे आपलं भांडण.

शेवटची इनिंग, एका रनने आपण पुढे, त्यांचे दोघे बाद. फक्त एक माणूस हवा होता. उंचवट्यावर तू. त्या दिवशी खांद्याला काय झालं होतं कोण जाणे, तू दोन इनिंगनंतरही टाकतच राहिला होतास आणि कोणाची बॅट तुझ्या चेंडूला धड लागत नव्हती. मी आतून टाळ्यांचा आवाज ऐकायला सुरुवात केली होती. तू मला हाताने बोलावलंस.

"काढ मला."

"दुखतोय?"

"नाही."

"मग?"

"मकरंदला दे."

"दिगू, एक माणूस राहिलाय. कप आपला आहे."

"म्हणूनच तर म्हणून राहिलो."

"मग निदान फर्स्ट बेसवर उभा राहा. मैदानात राहिलास तर परत बोलावता येईल."

"नाही. मी दिसलो की तो माझ्याकडंच पाहील." तू चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये ठेवलास. "पूर्ण बाहेर काढ."

"एकदा काढलं की परत नाही येता येत."

"मला शिकवतो काय बे," म्हणालास आणि जाऊन वहिनींच्या शेजारच्या खुर्चीत बसलास.

मकरंदने दोघांना चालवलं आणि तिसऱ्याला पुन्हा डोळे मिटून टाकला. त्याने कुंपणापार मारलेला तो चेंडू अजून सापडलेला नाही.

त्यानंतर कुठल्या शनिवारी आपण त्यावर भांडलो नाही, सांग. करकच्या टपरीवर, गाडीत, गणपतीच्या आरतीच्या रांगेत. मी म्हणायचो, कप घालवलास. तू म्हणायचास, "त्या मरीनावाल्यांकडं शोकेस आहे, आपल्या वन बीएचकेत कप ठेवता कुठं?" मी म्हणायचो, एक माणूस, दिगू, एकच. एकदा तू वैतागून म्हणालास, "मी काय कायमचा राहणार आहो का बे इथं?" मी म्हटलं, "का, व्हिसा संपतोय तुझा?" तू हसलास. मीही हसलो. तो विनोद मला आता परत घ्यायचाय आणि घेता येत नाही.

तुला एक कधी सांगितलं नाही. कॅचर बोटांनी खुणा करतो, पिचर मान हलवून हो-नाही म्हणतो. तू सतत नाही म्हणायचास. माझ्या बायकोनंतर मला इतक्या वेळा नाही म्हणणारा तूच. आणि प्रत्येक नाहीनंतर तुझा तो आळशी चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये येऊन बसायचा, तेव्हा गुडघ्यांच्या कळा मला जाणवायच्या नाहीत. या वयात कोणी नवा मित्र होईल अशी माझी अपेक्षा नव्हती. ऑफिसचे लोक असतात, बिल्डिंगचे असतात, बदली झाली की त्यांचे नंबर फोनमध्ये उरतात. तू त्यातला नव्हतास. हे तुझ्या तोंडावर सांगितलं असतं तर तू "चल बे" म्हणाला असतास, म्हणून राहून गेलं.

आता शनिवार.

पुन्हा फायनल, पुन्हा मरीना. तुझे दिवस नुकतेच झाले होते. मी ग्रुपवर लिहून टाकलं की आपण खेळत नाही, कप त्यांना देऊन टाकू. लगेच वहिनींचा फोन. गेले कित्येक दिवस त्या धड कोणाशी बोलल्या नव्हत्या.

"भावजी, मॅच का रद्द केलीत?"

"वहिनी, अशा वेळी कसं..."

"मग ते ताट काय तिथं कायमचं टांगून ठेवायचं?"

ताट तसंच होतं, दिगू. बेसमेंटमध्ये, त्याच पाइपला. काढायची कोणाची हिंमत झाली नव्हती.

वहिनी मैदानावर आल्या. स्वतःची खुर्ची मांडली, शेजारी तुझी मांडली, तिच्यावर पाण्याची बाटली ठेवली. ईशानने सुरुवात केली, आणि काय सांगू, तू त्याला पाहायला हवं होतंस. घाई नाही, आरडाओरड नाही, चेंडू एकामागून एक माझ्या ग्लोव्हमध्ये. मग तुझ्या इनिंग आल्या. मी चेंडू मकरंदला दिला आणि ईशानला फर्स्ट बेसवर उभं केलं. मैदानातच ठेवला, खलास नाही केला. एवढं मी शिकलोय.

मकरंदने तुझ्या दोन इनिंग टाकल्या आणि पुढेही तोच टाकत राहिला. आणि देवाने किंवा तू, ज्याने कोणी हे नाटक लिहिलं त्याला दुसरं सुचलं नाही: शेवटची इनिंग, एका रनने आपण पुढे, दोघे बाद. मकरंदने तिन्ही बेस भरून दिलेले. समोर तोच धिप्पाड अमेरिकन.

मी उंचवट्यापर्यंत चालत गेलो. मकरंदचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता.

"शेखरदादा, ईशानला द्या ना. प्लीज. परत तेच होणार."

फर्स्ट बेसवरून ईशान ओरडला, "अंकल, डोन्ट यू डेअर. ही'ज गॉट धिस."

माझा हात पुढे झाला होता, दिगू. ग्लोव्ह उघडा होता. मकरंदने चेंडू त्यात ठेवायचा आणि आम्ही दोघांनी सुटायचं, इतकं सोपं होतं. मी तुझ्या खुर्चीकडे पाहिलं. बाटली होती. वहिनी मांडीवर हात घट्ट धरून बसल्या होत्या. मी ग्लोव्ह मिटला.

"मकरंद, या महिन्यात आपला एक माणूस गेलाय. मी आता कोणालाच काढत नाही."

"मग टाकू कुठे?"

"ताटावर."

"ताटावर कुठे?"

"वहिनींच्या नावावर."

तो किंचित हसला. मी परत जाऊन गुडघ्यांवर बसलो. पहिला चेंडू बाहेर. दुसरा आत. मग बाहेर, मग आत, मग पुन्हा बाहेर. आता एक आत गेला की कप, एक बाहेर गेला की बरोबरी, आणि पुढचं मला बघायचंच नव्हतं. मी बोटाने वेगवान चेंडूची खूण केली. मकरंदने मान हलवली. नाही. या माणसाने उभ्या आयुष्यात मला कधी नाही म्हटलं नव्हतं. मी दुसरं बोट दाखवलं. तुझ्या चेंडूचं बोट. त्याने हो म्हटलं.

त्याचे डोळे सताड उघडे होते. चेंडू निघाला आणि मला कळलं, हा मी ओळखतो. घरी एक फोन करून होईल असा. अमेरिकनाने बॅट फिरवली, ती सगळी फिरून खांद्यावर परत गेली, आणि मग तो आला. मी झेलला नाही. तोच येऊन बसला, जसा तुझा बसायचा.

भांडण तू जिंकलास. हे मी फक्त इथे लिहितोय, टपरीवर कबूल करणार नाही.

आर्नेलने हात वर केला. जिंकल्यावर काय करायचं हे आम्हा कावळ्यांना माहीत नव्हतं. तेवढ्यात वहिनी ताडकन उठल्या. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळल्या आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अहो, द्या आता माझं ताट परत."